लेफ्ट हाफची जागा

ब्रॅकनशॉ टाउन फुटबॉल क्लबाकडे त्या वर्षी खेळाडू सोडून सगळं होतं. मैदान होतं, गोलपोस्ट होते, दर शनिवारी न चुकता येऊन शिव्या घालणारे हजारभर लोक होते. क्लबची पोरं मात्र युद्धाने जगभर पांगवली होती, आणि सेक्रेटरी सिडॉल आठवडाभर छावण्या, विमानतळ, कोळशाच्या खाणी असं हिंडून उसने अकरा जण गोळा करत. कुणाच्या साहेबाने सुटी दिली आणि कुणाची ऐन वेळी रद्द झाली, हे शनिवारी दुपारपर्यंत देवालाही ठाऊक नसे. एकदा पाहुणा संघ नऊ जणांनिशीच आला, तेव्हा प्रेक्षकांतल्या खाटकाला मैदानात उतरवलं होतं. त्याने चक्क गोल केला, आणि तेव्हापासून त्याच्या दुकानात मटण कमी आणि गप्पाच जास्त मिळू लागल्या.

खेळाडूंच्या नावांचा कागद मात्र बुधवारीच छापायला जाई, त्यामुळे त्यातली निम्मी नावं हमखास खोटी ठरत. मग खेळ सुरू होण्याआधी एक माणूस फळ्यावर खडूने बदल लिहून मैदानाला फेरी मारी, आणि लोक आपापल्या कागदावर छापील नाव पेन्सिलीने खोडून वर खरं नाव लिहीत. हजार माणसं माना खाली घालून लिहीत, शाळेत कधी लिहिलं नसेल इतकं मन लावून.

हेटी ग्रिमशॉ मात्र एक नाव खोडत नसे. लेफ्ट हाफच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या डावीकडच्या खेळाडूच्या, जागेवर छापलेलं ते नाव तिच्या नवऱ्याचं होतं, विल्फचं. आणि विल्फ सिंगापूरच्या लढाईपासून बेपत्ता होता.

एप्रिलमध्ये सरकारी पत्र आलं, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. ऑगस्टमध्ये नवा हंगाम जवळ आला तेव्हा हेटी सिडॉल यांच्याकडे गेली. क्लबचे शर्ट तीच धूत असे, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नव्हता.

"नाहीतरी बुधवारी तुम्ही थापाच छापता," ती म्हणाली. "त्यातली एक माझ्यासाठी छापा."

सिडॉल यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि बरं म्हणाले. माणूस कुरकुऱ्या होता, पण मनाने मऊ.

नाव छापून येतंय तोवर जागा विल्फची, असा हेटीचा हिशेब होता. हा वेडेपणा आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिला विल्फ हवा होता, कानापर्यंत चिखलाने माखून स्वयंपाकघरात येणारा, बूट काढायच्या आधी पाव मागणारा. त्या चिखलावरून ती दर शनिवारी भांडायची. आता फरशी स्वच्छ राहत होती आणि तिला त्या स्वच्छ फरशीचा राग येई. सोमवारी ती दहा शर्ट धुऊन घेई आणि लेफ्ट हाफचा शेवटी, एकटा धुई. त्याला घाम दुसऱ्याचा लागलेला असे, तरीही.

ऑक्टोबरपासून तो घाम एमलिन प्रॉसरचा होता. वेल्समधल्या खाणीकडचा, बावीस वर्षांचा, जवळच्या विमानतळावर बॉम्बर विमानाच्या शेपटीत मशिनगन घेऊन बसणारा. खेळ झकास होता त्याचा. हेटीला तेच आवडत नव्हतं. चार सामने वाईट खेळला असता तर तिने त्याला धाकट्या भावासारखं वागवलं असतं.

नाताळच्या आधी एकदा खेळ संपल्यावर तो स्वतः शर्ट द्यायला तिच्याकडे आला.

"शर्ट तुमच्या यजमानांचाच आहे, मिसेस ग्रिमशॉ. ते येईपर्यंत मी फक्त ऊबदार ठेवतोय," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "एक काम होतं. माझं नाव छापलेला एखादा कागद आईला पाठवायचा होता. एकदाच. सिडॉलसाहेबांना तुम्हीच सांगा, तुमची परवानगी नसेल तर नको. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण नाव वाचेल."

हेटी बघू म्हणाली. आणि तिने बघितलं नाही. पुढच्या बुधवारी सांगू, नंतरच्या बुधवारी सांगू असं करत तीन महिने गेले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मार्चमध्ये त्याचं विमान परत येताना किनाऱ्याजवळच्या शेतात कोसळलं. विमानातले सातही जण गेले.

तीन आठवड्यांनी त्याच्या आईचं पत्र घेऊन सिडॉल हेटीच्या दारात उभे राहिले. मुलगा ज्या ज्या सामन्यात खेळला त्याचे कागद तिला हवे होते. पण क्लबाकडे एकही उरला नव्हता, रद्दी सगळी युद्धासाठी गेली होती, आणि लोकांच्या घरची गत तीच.

"तुझ्याकडे आहेत ते मला माहीत आहे, पोरी," सिडॉल म्हणाले. "त्यावर नाव कुणाचं आहे तेही माहीत आहे. नको म्हणालीस तर उरले नाहीत असं कळवतो."

"ठेवून जा ते पत्र," हेटी म्हणाली.

सोमवारी दुपारी शर्ट दोरीवर टाकून तिने खण उघडला. एमलिन खेळला त्या सामन्यांचे सोळा कागद तिने काढले, लेफ्ट हाफची ओळ सगळ्यांवर न खोडलेली, सोळाच्या सोळांवर ग्रिमशॉ. पहिल्यावर पेन्सिल टेकवून ती कितीतरी वेळ तशीच बसली. आपण इथे रेघ मारली तर तिकडे, तो असेल तिथे, त्याला काही होईल असं तिला वाटत होतं. मग तिने बारीक रेघ मारली आणि वर 'प्रॉसर' लिहिलं. तिसऱ्या कागदाला तिला रडू फुटलं. सरकारी पत्र आलं तेव्हाही ती रडली नव्हती. त्यातला एकही कागद मागे न ठेवता तिने ती सगळी चळत पाठवून दिली.

दहा दिवसांनी मिसेस प्रॉसर यांचं पत्र आलं. कागद पोचले, सगळे भिंतीला लावले, असं लिहून खाली विचारलं होतं: "रेघेखालचं नाव वाचता येतं. ग्रिमशॉ म्हणजे तुमचे यजमान का? ते घरी आले का?"

हेटी वर्षभर सगळ्यांना येईलच तो म्हणून सांगत आली होती. या बाईला तिने लिहिलं, "अजून नाही." मग खाली लिहिलं, "एमलिनने तुमच्यासाठी नाव छापून मागितलं होतं. माझ्यावर सोपवलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण तिथे माझ्या माणसाचं नाव होतं."

उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. येणारच नाही असं ती धरून चालली होती. आलं तेव्हा ती धुण्यात होती, ओल्या हातांनीच तिने ते फोडलं. एकच ओळ होती.

"मीही सांगितलं नसतं."

हेटी तिथेच, ओल्या शर्टांच्या टोपलीशेजारी खाली बसली. तिला विल्फची फार आठवण आली.