मार्गारोचं भरलेलं पिंप

पिंप काठोकाठ भरलेलं होतं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. अहो, चोवीस वर्षं लाकडात ठेवलेली विनसांतो! सांतोरिनीच्या उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची वाईन ती, दर वर्षी थोडी थोडी उडून जातेच. मुलगी जन्मली की तिच्या नावाचं पिंप भरायचं, ते तिच्या लग्नातच उघडायचं आणि मधे त्यात थेंबही घालायचा नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या मार्गारोचं पिंप एव्हाना बरंच रिकामं व्हायला हवं होतं. मी बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिलं. सगळीकडून एकच बद्द आवाज.

"दादा, हे इतकं भरलेलं कसं?"

"लाकूड चांगलं आहे," माझा थोरला भाऊ झान्निस म्हणाला. मला जवळजवळ ढकलतच त्याने तळघराबाहेर काढलं आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

लाकूड चांगलं म्हणे! मी काय काल जन्मले?

त्या वाईनीची द्राक्षं मी स्वतः गच्चीवर पसरली होती, मार्गारो पोटात असताना. वाकता येत नव्हतं म्हणून गुडघ्यांवर सरकत सरकत एकेक घोस उलटला होता. पुढे नवरा गेला, आणि दहा वर्षांच्या पोरीला घेऊन मी शिवणकामासाठी पिरेअसच्या बंदरी निघाले. बोटीत बसायच्या दिवशी दादाने रीत बाजूला ठेवून त्या पिंपातला एक घोट मला चाखवला होता. सुक्या अंजिराची गोडी, मग कॉफीचा कडवटपणा, आणि अगदी शेवटी जिभेच्या कडेला समुद्राचा खारटपणा. चौदा वर्षं तो घोट आठवून मी शिलाईचे दिवस काढले. रविवारी पोरीचं लग्न, त्याच वाईनीसाठी मी बेटावर परतले होते. आणि इथे भाऊ किल्ली देईना! "हरवली" म्हणाला. खिशात तिचा फुगवटा दिसत होता, तरी तोंडावर खोटं!

मंगळवारी दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना मी तळघराच्या झरोक्याला डोळा लावला. दादा स्टुलावर चढला होता. माझ्या पिंपाच्या तोंडात नरसाळं, आणि हातातल्या मातीच्या सुरईतून तो काहीतरी ओतत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. प्यायला असणार मेला इतकी वर्षं, आणि आता बाजारातलं गोड पाणी भरून माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोय!

माझं तोंड काही गप्प बसणारं नाही. पेलागिया मावशीला सांगितलं, तिच्या दोन्ही सुनांना सांगितलं. संध्याकाळी विहीणबाईच विचारायला आल्या, "काळजी करू नका, वाईनच्या पेट्या मागवू का आम्ही?" माझी मान शरमेने खाली गेली, आणि त्याचाही राग मी दादाच्याच नावावर टाकला.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या दारात उभी राहिले. "चल. माझ्या देखत उघड. नाहीतर कुलूप तोडते."

दादाने खिशातून किल्ली काढली आणि पुढे चालू लागला. तळघरात त्याने पिंपाचं बूच काढलं आणि नळीने ग्लासभर वाईन काढून माझ्यापुढे धरली.

"पी आणि मग शिव्या दे."

मी प्याले. अंजीर. कॉफी. मी वाट पाहत राहिले, आणि शेवटी तो खारटपणाही आला. जशीच्या तशी! कशाचीही भेसळ असती तर मला पहिल्याच घोटात कळलं असतं.

"मग ओतत काय होतास तू? मी पाहिलंय मंगळवारी."

दादाने कोपऱ्यातली पोती बाजूला ओढली. मागे दुसरं पिंप होतं, त्याच मापाचं, त्याच साली भरलेलं. वर खडूने नाव लिहिलेलं: अनेझो. त्याची एकुलती एक लेक. माझ्या मार्गारोहून तीन आठवड्यांनी लहान. दहाव्या वर्षी तापाने गेली, आणि त्यानंतर दादासमोर कुणी तिचा विषय काढला नाही. दादाने त्या पिंपावर थाप मारली. ढोलासारखं पोकळ वाजलं.

"दर वर्षी तिच्या वाढदिवसाला एक सुरई काढतो," तो म्हणाला. "तुझ्या पिंपात जेवढी कमी झाली असेल तेवढी घालतो. यंदा लग्न आलं म्हणून मंगळवारी उरलीसुरली सगळी ओतली. रीत मोडली, मला ठाऊक आहे. पण तिची वाईन नुसती उडून जाऊ देऊ? पोरीचं नाही झालं लग्न, तिच्या वाईनीनं तरी एक बघावं."

मी तिथेच पायरीवर बसले.

"दादा, मी गावात तुला..."

"चोर म्हणालीस. कळलं मला, बुधवारीच."

"मग बोलला का नाहीस रे? चार शिव्या घालायच्या होत्यास मला!"

"बोलायचं म्हणजे पोरीचं नाव घ्यावं लागलं असतं." तो पिंपावरचा खडू बघत होता. "चौदा वर्षांत घेतलं नाही मी. जमत नाही."

"आता घे. माझ्याशिवाय कोण आहे इथे?"

त्याने दोनदा घसा खाकरला. मग "अनेझो" म्हणाला, इतक्या हळू की ओठच हलले नुसते. मी त्याचा हात धरला. मग तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी हाक मारल्यासारखं, मोठ्याने.