शेजारच्या निशाणाकडे निघालेला छर्रा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोने ठेवला नाही, आणि ती तर माझ्या गाण्याचंही कौतुक करते.

अनेक देशांच्या त्या मोठ्या स्पर्धेत, एअर रायफलच्या सांघिक नेमबाजीत आम्ही तिघं होतो. मी घड्याळजी, एक पोस्टमन आणि एक नर्सबाई. तिघांच्या गुणांची बेरीज. बाईंची ती शेवटची स्पर्धा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे परतल्यावर नेमबाजी बंद. त्या दोघांनी आपलं काम चोख केलं आणि कांस्यपदक माझ्या शेवटच्या नेमावर येऊन ठेपलं. नऊ गुण पुरे होते.

माझा हात काय सांगू! नळीवर मोहरीचा दाणा ठेवला असता तर त्याला डुलकी लागली असती. पण जाड कोटात अंग आवळलेलं, डोळ्यांत घाम. तो पुसायला रायफल खाली घेतली, तेवढ्यात पाय जरा सरकले. पुन्हा उचलली, समोर दिसला तो काळा ठिपका धरला आणि चाप ओढला. मग निशाणावरचा आकडा वाचला. अठरा! माझा सतरा. शेजाऱ्याच्या निशाणावर मारलं की आपल्याला भोपळा.

छर्रा तर सुटलेला. दहा मीटरची वाट. तो निम्म्यावर असेल-नसेल, मागून बाई पुटपुटल्या, "अहो, ते आपलं नव्हे!"

मी काय करणार? पण छर्ऱ्याने ऐकलं. थबकला. चुकीच्या घराची घंटा वाजवलेल्या पाहुण्यासारखा ओशाळला, अठराला "माफ करा हं" म्हणाला, डावीकडे वळला आणि सतराच्या मधोमध घुसला. दहा!

हे सगळं ऐकत समोर भाची आपली रायफल पुसत बसली होती. "आणि पदक, मामा?"

"गळ्यात! पण खरं सांगू, पदकापेक्षा मला बाई आठवतात. मी बाकावर मान खाली घालून बसलो होतो. बोटं चालेनात, तर बाईंनी माझ्या कोटाचे पट्टे एकेक करून सोडले. म्हणाल्या, 'चला, जेवून घ्या आधी.' पोस्टमनने माझीही रायफलची पेटी उचलली, खांद्यावर स्वतःची असताना. गावी परतल्यावर पेपरवाल्या बातमीदाराने विचारलं, 'नेमकं चुकलं कोण?' बाई पटकन म्हणाल्या, 'आम्ही.' बस्स, एवढंच. त्यांच्या घरातलं एकही घड्याळ मी आजवर बंद पडू दिलेलं नाही, तरी ते उपकार फिटत नाहीत बघ."

भाचीचा हात थांबला.

"मामा, थापा मारू नका! दहा लागले, पदक गळ्यात पडलं, मग चुकलं कोण म्हणून तो पेपरवाला कशाला विचारत होता?"