दुसऱ्या ओळीआधी फुटलेली गिटार

सहा तारा

मित्रांनो, मी गिटार आहे. जुनी आहे आणि माझं पोट फुटलेलं आहे, ते आधीच सांगते, म्हणजे तुम्ही गोड गाण्याची वाट पाहणार नाही.

माझा जन्मच ओढाताणीचा. कारखान्यात लाकूड वाफेवर वाकवलं, शिकंज्यात आवळलं, मग मानेवर सहा पोलादी तारा ताणल्या. तेव्हापासून माझी मान कुणीतरी ओढतच असतं. ती ओढ आहे म्हणून मी वाजते.

यवतमाळच्या एका कॉलेजात मला विकत आणलं. स्नेहसंमेलनात मुलं मला बदडायची. एकदा नाच कोणाचा आधी यावरून जुंपली, तेव्हा ऋतिक नावाच्या मुलाने मलाच उचलून दुसऱ्याच्या टाळक्यात घातलं. त्या दुसऱ्याला टाके पडले. मला कपाटात कोंडलं.

मग विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम आला. आजच्या काळातली गाणी स्वतः रचायची आणि लोकांसमोर सादर करायची. शिकवायला सुरभी मॅडम आल्या. त्यांनी कपाट उघडलं आणि मला वर्षाच्या हातात दिलं. वर्षा दारव्हा रोडवरच्या बंजारा तांड्यातली, रोज एसटीने येणारी. पहिल्याच आठवड्यात माझ्या तारांनी तिची बोटं कापली.

"मॅडम, हे वाजवाचं हाये का भाजी चिराचं?"

"आधी कापते, मग वाजते," मॅडम म्हणाल्या. "घट्टे पडू दे."

माझ्या पट्टीवर तिचं रक्त वाळलं. घट्टे पडले. मी वाजू लागले.

परीक्षेला स्वतःचं गाणं हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या घरातला सगळ्यात दुखणारा सूर घे. शब्द तुझे घाल."

"आमच्यात ढावलो असते. नवरी म्हनते, सासरी जाताना, सगळ्याच्या गळ्यात पडून."

"मग तोच घे."

लग्न नसताना त्या तांड्यात ढावलो कुणी तोंडातून काढत नाही. मॅडमना हे माहीत नव्हतं. वर्षाला होतं. पण गिटारवर घेतला की तो सूर वेगळाच झाला, असं तिला वाटलं. चूक झाली ती इथे.

पाच, चार

मला घरी नेऊन भरदुपारी ओट्यावर बसून ती सराव करत होती.

याडी, मी निघाली व, पदर माह्या सोड,
भिया, मी निघाली रे...

फाटकात तिचा भाऊ बादल उभा. वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. त्या दिवशी घरी आला होता. घरात ना मांडव ना हळद, आणि बहीण रडून आईचा, भावाचा निरोप घेते आहे. त्याच्या डोक्यात एकच अर्थ शिरला. पोरगी पळून चालली.

"कोनासंग चालली?"

"भिया, परीक्षेचं गानं हाये."

"मले येडा समजतं? मंग ढावलो कायले म्हनून राह्यली?"

थप्पड. वर्षाचा ओठ फुटला. त्याने मला धडाला धरलं, तिने मानेला. दोघांनी ओढलं. एक तार तुटली आणि चाबकासारखी त्याच्या गालावर बसली. गाल उघडा पडला. तिने त्याच्या मनगटाला दात लावले. त्याने तिला ढकललं, मला उचललं आणि बैल बांधायच्या खुंट्यावर

आपटलं.

पुन्हा.

तार. तार.

मान नाही, पोट. पोटात खुंटा. मी ओरडले, मित्रांनो, सुरात नाही

तार.

त्यांची आई मोतीबाई आतून धावली, चुलीतलं जळकं लाकूड घेऊनच. ते तिने लेकाच्या पाठीत घातलं. एकदा, आणि तो वळला तेव्हा आणखी एकदा.

"उद्यापासून कॉलेज बंद!" बादल किंचाळला.

"परवा तिची परीक्षा हाये. बंद करनारा तू कोन रे?"

मोतीबाईने मोटारीच्या वायरला लावायची काळी चिकटपट्टी माझ्याभोवती आवळली. "वाजन का हे?"

"दोन तारा हायेत, याडी," फुटक्या ओठाने वर्षा म्हणाली.

दोन तारा

परीक्षेच्या हॉलमध्ये मोतीबाई मागच्या खुर्चीवर बसली होती. दारात बादल, गालावर टाके. तो बहिणीला ओढून न्यायला आला होता.

वर्षाने माझ्या फुटक्या पोटावर मूठ मारली. धप्प. ठोका मिळाला. दर ठोक्याला माझ्या चिरफळ्या तिच्या हातात घुसत होत्या, आणि ती मारत होती.

याडी, मी निघाली व...

बादल पुढे झेपावला. मोतीबाईने खुर्चीवरूनच त्याची कॉलर पकडली आणि खाली खेचली. "आयक."

भिया, मी निघाली रे, फाटक नोको लावजो,
सांजच्या गाडीनं येते, ताट माह्यं झाकजो.

बादलची कॉलर आईच्या मुठीतच होती. तो मात्र आता ओढत नव्हता.

गाणं संपल्यावर तो वर्षाजवळ आला. "हे आधी काहून नाही म्हटलं?"

"म्हनू देलं कुठं तू?"

त्याने माझ्याकडे हात केला. वर्षाने मला मागे घेतलं.

"मी टेकवून ठेवतो फक्त," तो म्हणाला.

"राहू दे. मी ठेवते."

आता मी संगीतवर्गातल्या कपाटावर असते. मुलं माझ्यावर ठोका धरायला शिकतात. तारा बदलता येतात, मित्रांनो. पोटाला पडलेलं खुंट्याचं भोक बुजत नाही. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणी गात असताना तुमचा हात उठलाच, तर तो तसाच हवेत धरून ठेवा, आणि अजून एक ओळ येऊ द्या.