बारा पानं

...आणि संगणकावर उमटलेल्या झाडाच्या अगदी शेवटच्या फांदीवर, 'नाव' या पानाशेजारी, करड्या बारीक अक्षरांत — संख्या. तिने पडद्याला नाक लावून पाहिलं. नाव ही संख्या कशी असेल? नाव म्हणजे मजकूर. दोघी मैत्रिणींनी ही चिमुकली संगणकभाषा रचायला घेतली त्याच दिवशी ठरलेलं. त्यांचा कंपायलर — त्या भाषेतला मजकूर तपासून चालवणारा प्रोग्रॅम — प्रत्येक ओळ फोडतो, तिच्या तुकड्यांचं झाड करतो, पानापानाला प्रकार चिकटवतो, संख्या की मजकूर, आणि न जुळणारे प्रकार एकत्र आले की अडवतो — हाच त्याचा मोठेपणा, सरांना तिनेच फुशारकीने सांगितलेला. तीन वाजता सर बघणार, पटलं तर विज्ञान प्रदर्शनात पाठवणार. तक्त्यावर झाड छापायचं म्हणून आज पहिल्यांदा ते उघडून पाहिलं तर हे... आणि चालवून पाहिलं की उत्तरं मात्र सगळी बरोबर. मग चूक कुठेय? की चूक नाहीच, मलाच काही कळत नाहीये?

कंपायलरचा कोड खाली खाली सरकवत गेली आणि सापडली स्वतःच्याच हातची ओळ : प्रकार कळला नाही तर 'संख्या' धर. पंधरा दिवसांपूर्वीची दुपार... बाहेर आत्या आलेली, आई कौतुकाने हाका मारतेय, पडद्यावर चुकांची लाल रांग हटता हटत नाही, म्हणून ठोकून दिलेली — तात्पुरती, उद्या काढू. लाल रंग गेला, आणि बाहेर जाऊन तिने काय ऐट मारली. तेव्हापासूनच तर मी वर्गात हात वर करते, जोडीदारणीला — जाड चष्म्याच्या आमच्या घुबडला — फार शंका काढतेस म्हणून झापते... म्हणजे ते सगळंसुद्धा असंच धरून चाललेलं — ?

तिने 'संख्या' पुसून 'अज्ञात' लिहिलं. झाड पुन्हा उमटलं. बारा पानं, आठ अज्ञात. उरलेली चार तरी खरी कशावरून? आणि उत्तरं अजूनही बरोबरच, कारण उत्तर काढणारा भाग प्रकाराकडे ढुंकूनही बघत नव्हता.

घुबड शेजारी येऊन टेकली. "चालतंय ना गं? सर निघालेत."

हल्ली 'हो' कसं जिभेवर तयारच असायचं.

"चालतंय," ती म्हणाली, "पण का चालतंय ते मला माहीत नाही."

घुबडने चष्मा वर सारला, खुर्ची जवळ ओढली. "सरांना सांगणारेस?"

व्हरांड्यात चपला वाजल्या. सांगणार होते का मी? छातीत काहीतरी धडधडत होतं — भीती म्हणावं तर तेवढी भीती नाही, लाज म्हणावं तर लाजही नाही... आणि ते नक्की काय हे चटकन ठरवून टाकावंसं, का कोण जाणे, तिला वाटेना.