पायी चालणारा ट्रक

धर्मराजने दोन्ही हातांनी धरून कॅमशाफ्ट इंजिनाच्या पोटातून बाहेर ओढला, झोपलेलं तान्हं पाळण्यातून उचलावं तसा, कुठेही घासू न देता. ती तेलकट दांडी त्याने गॅरेजच्या दारातल्या उजेडात धरली. तिच्यावर ओळीने अंड्याच्या आकाराचे उंचवटे होते, आणि त्यातला एक झिजून पार गोल झाला होता. बरेच दिवस पिकअप उचक्या देत होता, त्याचं कारण हे.

मीरा चहा घेऊन आली, तशी त्याने दांडी तिच्यापुढे केली.

"सापडला रोग," तो म्हणाला.

मीराने कप ठेवायला जागा शोधली. कुठेच नव्हती, म्हणून ती कप हातात धरूनच उभी राहिली. नवऱ्याला छंद असावा, असं तिचं मत होतं, पण तो घरात मावेल एवढा असावा. धर्मराजचा छंद मावत नव्हता. म्हणून डॅलसजवळच्या प्लेनोतल्या त्या नीटनेटक्या गल्लीत त्यांची धडधाकट गाडी बाहेर उन्हात तापायची आणि जुना निळा पिकअप आत सावलीला असायचा. मात्र दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसणारा हा माणूस शनिवारी हात काळे झाले की घरात गुणगुणत फिरतो, हेही तिने पाहिलेलं होतं. त्यामुळे ती बोलायची पुष्कळ आणि अडवायची कमी.

यंदा मात्र गोष्ट छंदाची नव्हती. चौदा एप्रिल या वर्षी रविवारीच येत होता. डॅलसच्या आसपासची मूठभर कुटुंबं दर वर्षी एखाद्या शाळेचा हॉल घेऊन जयंती साजरी करीत. वंदना, भाषणं, मुलांची नाचगाणी, जेवण. यंदा त्यांच्यातल्या प्रितमने नगरपालिकेत खेटे घालून पार्कभोवतीच्या रस्त्याने मिरवणूक काढायची परवानगी मिळवली होती. इथली पहिलीच मिरवणूक. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती ठेवायला ट्रक धर्मराजचा, तोच निळा पिकअप. आणि त्याआधी आठवडाभर नागपूरहून त्याचे बाबा येणार होते.

बाबांनी जन्मभर एका लाकडाच्या वखारीचा ट्रक चालवला. वखारवाला वर्षातून एक दिवस तो जयंतीला देई, आणि त्याबरोबर ड्रायव्हरही देई. बाबा आदल्या दिवशी ट्रक धुऊन काढत, निळ्या पताका लावत. पण मिरवणूक नागपुरातल्या इंदोऱ्याच्या चौकात आली की ट्रक हटकून बंद पडायचा. पोरं ढकलायला धावायची, आणि गर्दीतून कुणीतरी हमखास ओरडायचं, ड्रायव्हर बदला रे. तसबिरीशेजारी फळीला धरून बसलेला लहानगा धर्मराज वरून बघायचा. बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून हसत आणि गळ्यातल्या दुपट्ट्याने कपाळ पुसत. ते हसणं त्याला सहन होत नसे. ट्रकमध्ये दम नाही, एवढं त्याला तेव्हा कळलं होतं. पुढे इंजिनिअर झाल्यावरही ते त्याने कधी तपासून पाहिलं नाही.

म्हणून कोणता नवा कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम, बसवायचा, हे त्याच्या मनात ठरूनच गेलं होतं. उंचवटे जितके मोठे, तितक्या झडपा जास्त वेळ उघड्या राहतात, इंजिन जास्त हवा ओढतं आणि वेगात जोर धरतं. कॅटलॉगात त्याने ज्याच्यावर खूण केली होती तो चांगलाच दांडगा होता. तो बसवलेलं इंजिन उभ्या जागी दम लागल्यासारखं धडधडतं. प्रितमने त्याचा आवाज कुठेशी ऐकला होता आणि तो भारावून गेला होता. अख्ख्या प्लेनोला कळलं पाहिजे की जयंती आहे, असं त्याचं म्हणणं.

"हा ट्रक बंद पडणार नाही," धर्मराज मीराला म्हणाला. "बाबा शेजारी बसतील. त्यांना बघू दे."

मीराने कप त्याच्या काळ्या हातात दिला. बाबांचा विषय आला की ती चेष्टा करीत नसे.

सोमवारी त्याने कॅम बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. कॅम बदलायचा तर त्याला साजेसा टॉर्क कन्व्हर्टरही लागणार होता. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो. त्याच्या जागी तेलाने भरलेला एक जाड डबा असतो, आणि इंजिन किती जोरात फिरू लागलं की चाकांना पुरती ओढ द्यायची, हे तो डबा ठरवतो. मोठ्या कॅमला सैल कन्व्हर्टर लागतो. किती सैल, तेवढं विचारायचं होतं. इंजिन एकदाच उघडायचं होतं. जयंतीच्या आत ते दुसऱ्यांदा उघडायला वेळ नव्हता.

पलीकडचा माणूस सावकाश बोलणारा होता. ट्रकचं वजन विचारलं, टायर विचारले, मागच्या एक्सलचे दाते विचारले. धर्मराजने सगळं घडाघडा सांगितलं. मग त्या माणसाने विचारलं, ट्रक वापरणार कशासाठी? धर्मराज म्हणाला, असाच, रस्त्यावर चालवायला. हायवेवर जोर हवा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या जोडफोनचा खट् असा आवाज झाला. मीराला मैत्रिणीला फोन करायचा होता. लाइनवर नवरा आहे हे कळल्यावर तिने रिसीव्हर खाली ठेवायला हवा होता. तिने ठेवला नाही.

"आणि सगळ्यात हळू किती चालवाल?" त्या माणसाने विचारलं.

धर्मराज थबकला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही नव्हता.

"माणूस चालतो तेवढा," मीरा इंग्रजीत म्हणाली. "दोन तास. पुढे लहान मुलं चालत असतील."

 तो माणूस हसला, पण त्याच्या हसण्यात हेटाळणी नव्हती. तुम्ही परेडची गाडी करताय, हे आधी सांगायचं नाही का, असं तो म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. हा कॅम वेगासाठी आहे. मुंगीच्या पावलाने चालवलात तर इंजिन गचके खाईल, नाहीतर बंद पडेल. सैल कन्व्हर्टरमधलं तेल तासाभरात उकळेल. आणि मुख्य म्हणजे पॉवर ब्रेकला इंजिनाकडून जी ओढ मिळते ती या कॅममुळे कमी होते, उभ्या जागी तर फारच. ब्रेकचं पेडल दगडासारखं लागेल. ट्रकला ताकद कमी असली तर चढाला बंद पडतो, साहेब. हळू चालायची सवय नसली तर मिरवणुकीत बंद पडतो.

शेवटी त्याने कॅटलॉगातला सगळ्यात मवाळ कॅम सुचवला, आणि कन्व्हर्टर जवळजवळ कंपनीतून आला तसाच घट्ट.

धर्मराजने आभार मानून फोन ठेवला आणि थेट गॅरेजमध्ये गेला, तो जेवायलाच बाहेर आला. राग तिच्यावर नव्हता. तो चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या चौकात पुन्हा जाऊन आला होता. म्हणजे ट्रकमध्ये दम होता. लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक, त्यात दम नसेल कसा? बाबा दोन तास क्लच दाबून दाबून त्याला माणसांच्या मागून चालायला लावत होते, आणि त्याला ते येत नव्हतं. हे समजूनही धर्मराजला मवाळ कॅम पटेना. एवढी खटपट करून बाबांना काय ऐकवायचं, शिवणयंत्राची टिकटिक?

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून आला तेव्हा बारा वर्षांची रोशनी ड्राइव्हवेवर निळा झेंडा घेऊन चालायचा सराव करत होती. मीरा तिला सांगत होती, अजून हळू, मागे म्हातारी माणसं असतील. रोशनीने एकेक पाऊल मोजून टाकलं आणि झेंड्याआडून बापाकडे पाहिलं.

"पप्पा, इज धिस टू स्लो?"

धर्मराज गॅरेजच्या दाराशी उभा होता. पोर ज्या चालीने पुढे जात होती त्या चालीने तिच्या मागे ट्रक आणायचा म्हणजे काय, हे तो बघत होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपला उजवा बूट फरशीवर दाबला जातोय, जोर लावून, ब्रेक दाबावा तसा.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे. असंच चाल."

आणि आत जाऊन त्याने मवाळ कॅम मागवला. प्रितमला कळलं तेव्हा तो हळहळला. यार धर्मराजभाऊ, एवढं इंजिन उघडलंत आणि आत बसवलंत काय, तर पोस्टमनच्या गाडीचं, असं म्हणाला. धर्मराजला ते लागलं.

कॅम बसला. गिअरबॉक्स खाली उतरवून कन्व्हर्टर बसला. ट्रक इतका शहाण्यासारखा वागू लागला, की मीरा एकदा तो घेऊन किराणा आणायला गेली आणि परत येऊन म्हणाली, आपल्या गाडीपेक्षा हा बरा. ही स्तुती आहे की काय हे धर्मराजला ठरवता आलं नाही.

बाबा आले. प्रवासाचा शीण उतरल्यावर धर्मराजने त्यांना ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवली. बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. त्यांचा डावा पाय खाली क्लच शोधत राहिला. नसलेल्या पेडलवर दोनदा दाबून पाहिलं, मग पाय मागे घेतला. ते कान देऊन बसले. धर्मराज त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"सुरू हाये का?" बाबांनी विचारलं.

"सुरू आहे, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले आणि उतरले.

मीरा लगबगीने घरात गेली आणि सिंकचा नळ सोडून पोटभर हसली. धर्मराज मात्र बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा होता. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं.

रविवारी ऊन लख्ख पडलं होतं. ट्रकच्या मागच्या भागावर पांढरी चादर अंथरून तसबीर आणि मूर्ती ठेवली, निळ्या पताका बांधल्या, झेंडूऐवजी इथे मिळाली ती पिवळी फुलं वाहिली. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या शर्टांत. पुढे पोलिसाची एक गाडी, तिच्या मागे झेंडा घेऊन रोशनी आणि इतर मुलं, मग ट्रक, मग बाकीचे. बाबा धर्मराजच्या शेजारी बसले होते, नव्या सदऱ्यात, गळ्यात निळा दुपट्टा. प्रितमने घोषणा दिली, सगळ्यांनी 'जय भीम' म्हटलं, आणि धर्मराजने ब्रेकवरचा पाय हलका केला.

ट्रक चालू लागला. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायची गरज पडली नाही. ब्रेक अंगठ्याने दाबावा इतका मऊ होता. इंजिनाचा आवाज एवढा कमी, की मुलांच्या चपला ऐकू येत होत्या, मागून बायकांची वंदना शब्दाशब्दासकट ऐकू येत होती. पार्कच्या कोपऱ्यावर थोडा चढ होता. धर्मराजने स्टिअरिंग घट्ट धरलं. ट्रक चढ चढला आणि तसाच पुढे आला.

"थांबव बरं," बाबा म्हणाले.

धर्मराजने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्याने ट्रक थांबवला. "बरं वाटत नाही का?"

"बरं हाये. मले उतरू दे."

"अहो बाबा, तुमच्यासाठी तर... ट्रक नीट चाललाय ना."

"म्हणूनच तर उतरतो." बाबांनी दार उघडलं, दांडीला धरून एक पाय खाली टाकला आणि तसंच थांबून म्हणाले, "मी जयंतीत कधी चाललोच नाही रे. मी उतरलो असतो, तर ट्रक कोणी पाह्यला असता?"

ते पुढे जाऊन रोशनीच्या शेजारी उभे राहिले. रोशनीने त्यांना झेंड्याची काठी आपल्या हाताच्या वर धरायला दिली. मिरवणूक पुन्हा निघाली. बाबांचे गुडघे दुखायचे, त्यांची चाल मुलांहूनही हळू. धर्मराजने ब्रेकवर पाय ठेवला, आणि ट्रक त्या चालीनेही चालला, कुरकुर न करता. काचेतून त्याला बाबांची पाठ दिसत होती. मिरवणुकीत त्याने बाबांना नेहमी वरून पाहिलं होतं, खिडकीतून बाहेर आलेलं, घामेजलेलं डोकं. पाठ कधी दिसलीच नव्हती. समोरचा रस्ता धूसर झाला.

खिडकीवर टकटक झाली. मीरा ट्रकबरोबर चालत होती.

"अहो, उतरा."

"आणि ट्रक?"

"मी आणते. किराणा आणला तसाच आणायचा ना?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने ट्रक थांबवला, ती पदर खोचून चढली, सीट पुढे ओढली. धर्मराज खाली उतरला. जमिनीवर पाय टेकल्यावर हातांचं काय करावं हे त्याला क्षणभर कळेना. मग तो चार ढांगा टाकून बाबांच्या डाव्या बाजूला गेला आणि चालू लागला.

थोडं अंतर गेल्यावर बाबांनी मागे वळून पाहिलं. स्टिअरिंगमागे मीरा ताठ बसली होती.

"सुरू हाये ना?"

"सुरू आहे, बाबा."

बाबांनी मान हलवली. पुढे रस्ता वळत होता. वळणावर त्यांची मान सवयीने पुन्हा मागे जायला निघाली, पण तेवढ्यात रोशनीने त्यांना काहीतरी विचारलं, आणि ते तिच्याकडे वाकून ऐकू लागले. मग त्यांनी मागे पाहिलं नाही.