ओरडायची तालीम

"ओरड," आई म्हणाली. तिने इस्त्री उभी ठेवली आणि माझी वेणी मुठीत धरली. "हॉस्टेलवर कोणी अशी धरली, तर काय करशील?"

माझ्या तोंडून नुसती हवा आली.

"अगं, घसा आहे की फुटकी पिपाणी?" तिने वेणीला हिसडा दिला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज काही फुटला नाही.

फुटणार कसा? आमच्या घरी मार मुकाट्याने खायचा असे. बाबांनी पट्टा काढला की आई स्वतःच्या तोंडात टॉवेल कोंबायची आणि मी खिडकी लावायची. शेजाऱ्यांना कळलं तर इस्त्रीचे कपडे यायचे बंद होतील, ही तिची धास्ती. मी मध्ये पडले तर मीही गपचूप खायचे. पण शाळेतल्या शेवटच्या पालकसभेत बाईंनी सांगितलं होतं, मुलींना कॉलेजला धाडण्याआधी ओरडायला शिकवा. आईने ते फारच मनावर घेतलं होतं.

तेवढ्यात बाबा आले. भरलेली बॅग त्यांनी पाहिली.

"कोणाला विचारून चाललीस गं?"

लाथेसरशी बॅग भिंतीवर आदळली. आई आडवी आली, तशी त्यांनी केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त सांडलं. मी सवयीने खिडकीकडे धावले.

"राहू दे उघडी!" आई म्हणाली आणि ओरडली.

बाबांनी तिचं तोंड दाबलं, तर ती हाताला कडकडून चावली आणि पुन्हा ओरडली. पुन्हा, पुन्हा. जिन्यावर पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचा शिंपी आणि शेजारची नर्सबाई दारात येऊन उभे राहिले.

"काही नाही, घरातलं आहे," बाबा म्हणाले.

कोणी हललं नाही. शेवटी बाबाच खाली मान घालून त्यांच्यामधून बाहेर पडले.

सकाळी नर्सबाई आईबरोबर बसपर्यंत आली. माझा पाय निघेना.

"मी नसताना ते परत..."

आईने तोंड उघडलं. आवाज पार बसला होता.

"जा तू," नर्सबाई म्हणाली. "भिंतीपलीकडे मी आहे. इतकी वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आता नाही."

बस हलली. खिडकीतून मी ओरडले, "आई!" अख्खी बस वळून बघायला लागली.

सुजल्या ओठांनी आई हसली आणि कानामागे हात धरला. आणखी जोरात.