बटण लागेपर्यंत

मी घड्याळ आहे, पण मनगटावरचं नाही आणि भिंतीवरचंही नाही. मी छातीवर उलटा टांगलेला असतो. नर्सचे हात कोपरापर्यंत मोकळे लागतात, म्हणून मला पिन लावून गणवेशावर अडकवतात. तिनं मान खाली घातली की तिला मी सुलटा दिसतो. बाकी जगाला उलटाच.

माझी मालकीण नर्सिंगची परीक्षा पास झाली, परदेशात नोकरी लागली, तेव्हा थोरल्या भावानं मला आणलं. डबी उघडून म्हणाला, "घे, तुझं वटवाघूळ!" सगळे हसले. आई हसता हसता आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

तिकडची तिची खोली एवढीशी. पलंगावर बसलं की कपाटाचं दार उघडायचं नाही. कामावरून आली की ती मला खिडकीत ठेवायची. मी तिथली वेळ दाखवायचो, ती मनातल्या मनात घरची वाचायची. "आता आई दार लावत असेल," असं पुटपुटायची.

तिच्या वॉर्डात एक म्हातारा होता, आयुष्यभर बस चालवलेला. अर्धांगाच्या झटक्यानं त्याचा उजवा हात दुबळा झाला होता. ती त्याला भरवायची, केस विंचरायची, शर्टाची बटणं लावून द्यायची. म्हातारा खूश. आपली नवी नोकरी छान चाललीय, असं तिला वाटत होतं.

एक दिवस मोठ्या सिस्टरनं तिला बाजूला घेतलं. "तू त्याचं वाटोळं करतेयस."

"मी? अहो, मी तर त्याचं सगळं करते!"

"तेच म्हणतेय. स्वतःचे कपडे स्वतः घालता आले तरच त्याला घरी सोडतील. नाहीतर मुलानं वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय."

"आमच्याकडे आजारी माणसाकडे असं नुसतं बघत नाही बसत."

"मग बसू नकोस, उभी राहा. पण हात लावू नकोस."

संध्याकाळी फोनवर हे ऐकून आई म्हणाली, "अगं, म्हाताऱ्या माणसाचं एक बटण लावलंस तर झिजशील का? हेच शिकवलं का मी तुला?"

सकाळी तिनं म्हाताऱ्याला शर्ट दिला आणि समोर उभी राहिली. बटण काजापर्यंत जायचं आणि निसटायचं. पुन्हा जायचं, पुन्हा निसटायचं. तिचा हात आपोआप पुढे निघाला. तो अडवायला तिनं मला मुठीत घट्ट धरलं.

"बघतेस काय?" म्हातारा खेकसला. "तिकीट काढलंयस का?"

"काढलंय," ती म्हणाली, "शेवटच्या स्टॉपपर्यंतचं."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती मात्र रोज उभी राहायची, आणि मी रोज मुठीत. तिच्या तळव्याला घाम सुटायचा. माझी टिकटिक आणि तिच्या बोटांतली नाडी, जास्त जोरात कोणाची, मलाच कळेना.

मग डॉक्टर आले, मुलगा आला. सगळ्यांसमोर म्हाताऱ्यानं शर्ट घातला. बटणं लागली, सगळी लागली. पण एक काज चुकलं होतं. कॉलरची एक बाजू वर, एक खाली. मुलगा नीट करायला पुढे झाला.

"हात लावू नकोस!" म्हातारा असा गरजला की शेजारचा पेशंट उठून बसला.

डॉक्टर हसले आणि त्यांनी त्याला घरी सोडलं. जाताना तिच्यापाशी क्षणभर थांबून म्हातारा म्हणाला, "चल, उतरलो मी." तसाच वाकड्या शर्टानं गेला. ती दाराशी उभी राहून रडत होती आणि हसतही होती.

आईला तिनं सगळं सांगितलं. आईनं विचारलं, "वाकडाच गेला?"

"वाकडाच. पण घरी गेला, आई."

आता ती स्वतः मोठी सिस्टर झालीय. माझं यंत्र थकलं, तेव्हा सुट्टीवर येताना तिनं मला आईच्या कपाटात आणून ठेवलं. भावाची मुलगी मला मधूनमधून बाहेर काढते. परवा म्हणत होती, "आत्याचं घड्याळ किती काळं पडलंय, पॉलिश करून आणू या."

बाळ, हवं तर मला दुरुस्त करून आण. नाही चाललो तरी चालेल. पण पॉलिश नको करूस. ती चकाकी तुझ्या आत्याच्या मुठीनं गेलीय.